तेलाचा थेंबही न घालता मऊसूत हम्मस : वाचक विचारतात

हम्मसबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांची तक्रार एकच आहे : तेल वगळलं की ते कोरडं, रवाळ होतं आणि टाळूला चिकटून बसतं. सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत. उत्तरांत छोटा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली, दोन्ही सपाट भरलेले.

प्रश्न : घरात तेल कमी करायचं ठरलं आहे. हम्मसच्या बहुतेक कृतींत मिक्सरमध्ये अर्धी वाटी ऑलिव्ह तेल घालायला सांगतात. ते गाळलं तर हम्मस खरखरीत होतं. तेलाऐवजी काय घालावं? (पुणे)

तेलाऐवजी काहीही घालायची गरज नाही, कारण ते मुळात वाटणात नसतंच. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन या भागांतल्या नेहमीच्या हम्मसमध्ये काबुली चणे, ताहिनी (तीळ वाटून केलेला पातळसर लगदा), लिंबू, लसूण, मीठ आणि पाणी एवढंच वाटलं जातं. ऑलिव्ह तेल येतं ते वाढताना, ताटलीत पसरलेल्या हम्मसवर. ते ओतलं नाही तर चवीत थोडा फरक पडतो, पण मऊपणा जराही कमी होत नाही. वाटताना घातलेलं तेल बहुतेक वेळा कमी शिजलेले चणे आणि कमी पडलेली ताहिनी झाकायला वापरलेलं असतं.

मऊपणा येतो तो चणे गरजेपेक्षा जास्त शिजवल्याने, ताहिनी पाण्यात नीट फेटल्याने आणि शेवटी पुरेसं पाणी घातल्याने. माप असं घ्या :

काबुली चणे २५० ग्रॅम, खायचा सोडा १ छोटा चमचा (निम्मा भिजवताना, निम्मा शिजवताना), ताहिनी १५० ग्रॅम, लिंबाचा रस ४५ ते ६० मिली, लसणाच्या २ मोठ्या पाकळ्या (गावरान असतील तर ४-५), मीठ सव्वा ते दीड छोटा चमचा, बर्फाचं गार पाणी १०० ते १५० मिली. यातून साधारण ८५० ग्रॅम हम्मस होतं.

चणे सव्वा लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा सोडा घालून १२ तास भिजवा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात भांडं फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलं तर सकाळी पाण्यावर फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि तो वास हम्मसपर्यंत पोचतो. भिजलेले चणे निथळून दोनदा धुवा. पाच लिटरच्या कुकरमध्ये नवीन सव्वा लिटर पाणी आणि उरलेला अर्धा चमचा सोडा घालून झाकण न लावता उकळी आणा. वर येणारा फेस झाऱ्याने काढून टाका. ही पायरी गाळू नका, सोड्याच्या पाण्याला भरपूर फेस येतो आणि तो शिट्टीच्या नळीत अडकू शकतो. कुकर याच कारणाने निम्म्याच्या वर भरायचा नाही. फेस काढल्यावर झाकण लावा, पहिली शिट्टी झाली की आच अगदी मंद करून २५ ते ३० मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या.

आता पारख. चणा बोटचेपा झाला एवढ्यावर थांबू नका. छोल्यांच्या भाजीला तेवढा पुरतो, हम्मसला नाही. अंगठा आणि बोट यांच्यात हलकेच दाबला की त्याचं लोण्यासारखं लेपण झालं पाहिजे आणि मधे एकही कण लागता कामा नये. काही चणे आपोआप फुटून पाणी गढूळ झालेलं असेल. झालं असेल तर उत्तम. तसं नसेल तर झाकण न लावता आणखी १०-१५ मिनिटं उकळा.

चणे शिजेपर्यंत दुसऱ्या भांड्यात लसूण किसून लिंबाच्या रसात मिठासकट १० मिनिटं ठेवा. आंबट रसात लसणाचा कच्चा, जाळणारा तिखटपणा तयार होत नाही, स्वाद मात्र राहतो. त्यात ताहिनी घाला आणि दोन-दोन मोठे चमचे गार पाणी घालत फेटा. आधी ती घट्ट होईल, मग सैल, मग पांढरट आणि हलकी.

शेवटी वाटण. चणे निथळा, कोमट होऊ द्या, मिक्सरमध्ये ३-४ मोठे चमचे पाणी घालून एकटेच वाटा. एक मिनिट फिरवा, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. असं चार-पाच वेळा. बोटांत घासून कण लागेनासा झाला की फेटलेली ताहिनी घालून आणखी मिनिटभर. शेवटी हम्मस तुम्हाला हवं त्याहून पातळ दिसलं पाहिजे, जवळजवळ पळीवाढं. गार होताना चण्यातलं पिठूळ द्रव्य पाणी धरून घेतं आणि अर्ध्या तासात ते दाट होतं. मिक्सरमध्येच मनासारखं दाट दिसणारं हम्मस फ्रीजमधून काढल्यावर लगदा झालेलं असतं. तेल न घालणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक हीच असते : ते पाणी घालायला कचरतात.

प्रश्न : सोडा घालायलाच हवा का? त्याने जीवनसत्त्वं जातात आणि साबणासारखी चव येते असं ऐकलं आहे. शिवाय घरात एकाला रक्तदाब आहे. (सांगली)

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण किती सोडा घालता यावर अवलंबून आहेत. चण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतो तो पेक्टिन. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि पेक्टिन लवकर विरघळतो, साल सुटते, गर मऊ पडतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नेमकं उलट करतं, पेक्टिन घट्ट बांधतं. गावाकडे विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात कडधान्य शिजत नाही ही तक्रार याचमुळे असते. अशा ठिकाणी आधी पाणी बदला. भिजवायला आणि शिजवायला, दोन्हीला फिल्टरचं पाणी घ्या.

२५० ग्रॅम चण्यांना एकूण एक छोटा चमचा सोडा पुरतो. त्यापेक्षा जास्त झाला की चणे तपकिरी पडतात आणि साबणाची चव येते. ब-१ जीवनसत्त्व सोड्याने काही प्रमाणात कमी होतं हे मान्य. एका छोट्या चमचाभर सोड्यात साधारण १,२५० मिलिग्रॅम सोडियम असतं, त्यातलं पुष्कळसं फेकल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर जातं. तरीही मीठ मोजून खावं लागत असेल तर भिजवतानाच अर्धा चमचा घाला, चणे नीट धुवा आणि शिजवताना मुळीच घालू नका. मग कुकरमध्ये मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं धरा. आणि मीठ एक छोट्या चमच्याहून कमी घालून चव लिंबाने सावरा.

सोड्याऐवजी बेकिंग पावडर चालत नाही. तिच्यात आम्लही मिसळलेलं असतं, त्यामुळे हवा तो परिणाम होत नाही.

प्रश्न : आठ शिट्ट्या केल्या, तरी चणे आतून कडकच. कुकर बिघडला आहे का? (लातूर)

कुकर बहुधा ठीक आहे. शिट्ट्या मोजून वेळ कळत नाही. मोठ्या आचेवर आठ शिट्ट्या आठ-दहा मिनिटांत होतात, चण्याला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करा आणि घड्याळ बघा.

पूर्ण अर्धा तास ठेवूनही कडक राहत असतील तर चणे जुने आहेत. उष्ण, दमट हवेत वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेल्या चण्याच्या आतले क्षार सुटे होऊन पेक्टिनला बांधून टाकतात आणि मग कितीही उकळा, मधे खडा राहतो. असे चणे हम्मसला वापरू नका, त्यांची उसळसुद्धा धड होत नाही. हरभऱ्याचा नवा माल फेब्रुवारी-मार्चपासून बाजारात येतो, तेव्हाचा घेतलेला उत्तम. जुन्या डब्यात नवे चणे ओतू नका; एकाच कुकरात निम्मे विरघळतात आणि निम्मे टणक राहतात.

आकाराचंही एक आहे. डॉलर चणा म्हणून मिळणारा टपोरा दाणा दिसायला देखणा, छोल्यांना छान. हम्मसला बारीक काबुली घ्या. तो लवकर आणि सारखा शिजतो, स्वस्तही पडतो. लिंबू, टोमॅटो, चिंच, काहीही आंबट शिजताना घालायचं नाही. आंबटाने पेक्टिन घट्ट होतो.

प्रश्न : एकेक चणा सोलत बसायला वेळ नाही. सालं काढणं खरंच गरजेचं आहे? (ठाणे)

एकेक सोलायचा नाहीच. सोड्यात शिजलेल्या चण्यांची निम्मी सालं भांड्यातच सुटलेली असतात. कुकर उघडल्यावर मोठ्या पातेल्यात चणे आणि भरपूर गार पाणी घ्या, तळव्यांमध्ये हलकेच चोळा, सालं वर तरंगतील, ती गाळणीने काढा. पाणी बदलून असं दोन-तीनदा केलं की ८० टक्के काम झालं. उरलेली सालं राहिली तरी बिघडत नाही. ताकदवान मिक्सर असेल तर ही खटपटही वगळता येते, मात्र चणे पुरेसे शिजलेले हवेत. कमी शिजलेल्या, सोललेल्या चण्यांपेक्षा जास्त शिजलेल्या, सालासकट चण्यांचं हम्मस नेहमीच मऊ होतं.

आपल्याकडे याहून सोपं साधन घरातच असतं : पुरणयंत्र. चणे गरम असतानाच बारीक जाळीच्या चकतीतून काढा. सालं मागे राहतात आणि खाली पडतो तो गर मिक्सरमध्ये दोन मिनिटांत एकजीव होतो. मिक्सर जुना किंवा कमी ताकदीचा असेल तर आम्ही हीच पद्धत सुचवू.

चणाडाळीचं हम्मस करता येईल का, असं एका वाचकाने याच पत्रात विचारलं आहे. येईल. साल नसल्याने ते पहिल्या प्रयत्नातच गुळगुळीत होतं. २५० ग्रॅम डाळ दोन तास भिजवून सोड्याशिवाय मंद आचेवर १५ ते २० मिनिटं पुरते. मात्र रंग पिवळा येतो आणि चव गोडसर, पुरणाकडे झुकणारी. लिंबू थोडं जास्त घाला.

प्रश्न : मिक्सर गरम होऊन बंद पडतो आणि पाती नुसतीच फिरत राहतात. (नाशिक)

पाती फिरतात आणि चणे कडेला चिकटून राहतात, याचा अर्थ भांडं मोठं आणि माल थोडा, किंवा पाणी कमी. ही मात्रा दोन वाटणांत विभागा, चटणीचं किंवा मधलं भांडं घ्या आणि निम्म्याच्या थोडं वर भरा. चणे कोमट हवेत. फ्रीजमधले गार चणे घट्ट झालेले असतात, त्यांचं वाटण रवाळ राहतं. आदल्या दिवशी शिजवले असतील तर पाण्यात दहा मिनिटं उकळून घ्या.

उकळते चणे मात्र बंद भांड्यात कधीही फिरवू नका. वाफेने झाकण उडतं आणि अंगावर भाजतं.

सलग एक मिनिटाहून जास्त फिरवू नका, मधे दोन मिनिटं थांबा. मिक्सर मधेच बंद पडला तर तो जळाला असं नाही. बहुतेक मिक्सरच्या बुडाला एक छोटं बटण असतं, जास्त भार आला की ते बाहेर येतं. वायर काढा, मोटार १५-२० मिनिटं गार होऊ द्या, बटण आत दाबा. पुढच्या वेळी वाटताना दोन चमचे पाणी जास्त.

प्रश्न : ताहिनी महाग पडते. घरी तेल न घालता करून पाहिली तर नुसतं तिळकूट झालं, आणि ते कडू. (छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून दोन पत्रं, अमरावतीहून एक)

कडूपणा दोन ठिकाणांहून येतो. एक, तीळ सालासकट असणं. किराणा दुकानात नेहमी मिळणारे मळकट पांढरे तीळ सालाचे असतात आणि सालातल्या ऑक्झलेटची चव किंचित कडवट लागते. संक्रांतीला तिळगुळासाठी आणतो ते पॉलिशचे शुभ्र तीळ घ्या. दुसरं कारण, जास्त भाजणं. लाडूला आपण तीळ तांबूस, खमंग भाजतो. ताहिनीला तेवढे भाजायचे नाहीत. जाड बुडाच्या कढईत २५० ग्रॅम तीळ मंद आचेवर ६ ते ८ मिनिटं हलवत राहा. दाणे तडतडायला लागले आणि बोटाने दाबून कुरकुरीत वाटले की उतरवा, रंग बदलायची वाट पाहू नका. लगेच ताटात पसरा. कढईत राहिले तर तिच्या उष्णतेने भाजतच राहतात. गाझामध्ये खूप भाजलेल्या तिळांची लालसर ताहिनी करतात आणि ती तिथल्या पदार्थांत शोभते, पण हम्मससाठी फिकीच बरी.

तिळकुटावर अडकण्याचं कारण बहुतेक वेळा घाई असतं. तिळात निम्म्याहून अधिक तेलच आहे, ते सुटायला वेळ आणि ऊब लागते. तीळ पूर्ण गार करू नका, हाताला कोमट लागत असताना चटणीच्या भांड्यात घाला. २०० ग्रॅमपेक्षा कमी घेतले तर पात्यांना पकड मिळत नाही. ३० सेकंद फिरवा, कडेचं खरवडून मधे ओढा, पुन्हा फिरवा. आधी कोरडं कूट, मग ओलसर गोळे, मग अचानक तेल सुटून वाटण फिरायला लागतं. मधल्या विश्रांतीसकट १० ते १२ मिनिटं लागतात. गोळ्यांच्या टप्प्यावर धीर सुटतो आणि हात तेलाच्या बाटलीकडे जातो; तिथे आणखी तीन-चार वेळा फिरवा.

या टप्प्यावर पाणी मात्र घालू नका, सगळं आवळून घट्ट होतं. मिक्सर हारलाच, तर त्या कुटाची ताहिनी न करता थेट हम्मसकडे वळवा : कुटात लिंबाचा रस, लसूण, मीठ आणि ८०-१०० मिली गार पाणी घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत वाटा आणि मग शिजलेल्या चण्यांत मिसळा. डब्यात भरून ठेवता येत नाही, पण त्या दिवसाच्या हम्मसला काहीच कमी पडत नाही. नीट झालेली कोरडी ताहिनी काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये दोन महिने टिकते. वर तेल तरंगलं तर काढून टाकू नका, ढवळून घ्या. तेल ओतून टाकलं की खाली राहिलेला थर सिमेंट होतो.

प्रश्न : ताहिनीत लिंबू घातलं आणि ती फाटल्यासारखी घट्ट झाली. फेकून दिली. (कोल्हापूर)

फेकायची नव्हती. ताहिनी म्हणजे तेलात तरंगणारे तिळाचे बारीक कण. थोडंसं पाणी किंवा लिंबाचा रस गेला की ते कण पाणी शोषून एकमेकांना चिकटतात. आणखी पाणी घातलं की चित्र उलटतं, तेलाचे थेंब पाण्यात विखुरतात आणि मिश्रण सैल, पांढरं, मलईदार होतं. १५० ग्रॅम ताहिनीला लिंबाचा रस धरून साधारण १२० ते १५० मिली द्रव लागतो. गार पाण्याने मिश्रण जास्त हलकं आणि पांढरं होतं.

प्रश्न : तेल नको म्हणता आणि ताहिनी घालता. ही स्वतःचीच फसवणूक नाही का? (मुंबई)

प्रश्न रास्त आहे, म्हणून आकडेच देतो. १५० ग्रॅम ताहिनीत सुमारे ८० ग्रॅम स्निग्धांश आणि २५० ग्रॅम चण्यात सुमारे १५. म्हणजे ८५० ग्रॅम हम्मसमध्ये ९५ ग्रॅम, साधारण ११ टक्के. दोन मोठे चमचे हम्मस खाल्लं तर तीन-साडेतीन ग्रॅम. याच घाण्यात चार मोठे चमचे तेल घातलं असतं तर ५६ ग्रॅम आणि जवळजवळ ५०० कॅलरी वाढल्या असत्या. तेव्हा बिनतेलाचं हम्मस म्हणजे बिनचरबीचं हम्मस नव्हे. मात्र ताहिनीबरोबर प्रथिनं, थोडे तंतुमय घटक आणि तिळाची चव येते.

ज्यांना एकूण स्निग्धांशच मोजून दिला आहे त्यांनी ताहिनी ६० ग्रॅमवर आणावी. मग प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास येतं. त्याखाली जाऊ नका, नाहीतर ते लिंबू पिळलेलं पिठलं होतं. कमी ताहिनीची भरपाई अशी करा : चणे आणखी दहा मिनिटं शिजवा, सालं झाडून सगळी काढा आणि साध्या पाण्याऐवजी चणे शिजलेलं दाट पाणी गार करून वापरा. त्या पाण्यात उतरलेली प्रथिनं आणि पिठूळ द्रव्य वाटण बांधून ठेवतात. हे पाणी वापरायचं असेल तर शिजवताना सोडा घालू नका, नाहीतर साबणाची चव थेट ताटात येईल. असं हम्मस फ्रीजमध्ये जास्त आवळतं, म्हणून ताजं, कोमट असतानाच खा.

पाणी निथळून केलेल्या घट्ट दह्याचा चक्का १०० ग्रॅम घालूनही मऊपणा येतो. चव बदलते आणि ते दोन दिवसांच्या वर ठेवू नये. दाण्याचं कूट घालून करता येईल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं आहे. येईल, फक्त त्याला दाण्याची चटणी म्हणावं.

प्रश्न : इकडे डब्यातले शिजवलेले चणे मिळतात. ते सरळ वाटले तर चालतील? (न्यू जर्सी)

सरळ वाटू नका. डब्यातले चणे सॅलडमध्ये अख्खे राहावेत एवढेच शिजवलेले असतात. ४०० ग्रॅमच्या डब्यातून निथळून साधारण २४० ग्रॅम चणे निघतात. दोन डबे धुवून एक लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा सोडा घालून २० ते २५ मिनिटं उकळा. सालं वर येतील, चणे फुगून फुटायला लागतील, मग निथळून वाटा. याला ताहिनी १२० ग्रॅम, लिंबाचा रस ४५ मिली. डब्यातल्या चण्यात मीठ असतं, तेव्हा अर्धा चमचाच घालून चाखा.

तयार हम्मसचे डबेही तिकडे खूप आहेत. घटकांची यादी वाचली तर अनेकांत सोयाबीन किंवा मोहरीवर्गीय बियांचं तेल दिसेल. अमेरिकेतल्या सॅब्रा कंपनीने २०१४ मध्ये तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे हम्मसची व्याख्या ठरवा अशी मागणी केली होती; त्यात ताहिनी किमान ५ टक्के असावी असं सुचवलं होतं. वर दिलेल्या मापात ती १७ टक्क्यांच्या वर जाते. यावरून बाजारच्या डब्यात तेल कशासाठी लागतं याचा अंदाज येईल.

पाहुण्यांना वाढताना तीळ आहेत हे सांगा. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाची नोंद वेष्टनावर करणं सक्तीचं आहे, कारण तिळाची ॲलर्जी काहींना गंभीर होते.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी वरचा थर सुकून भेगा पडतात. (सोलापूर)

तेलाचा थर नसल्याने पाणी उडतं. हम्मस डब्यात भरून पृष्ठभाग चमच्याने सपाट करा, ओला करून पिळलेला बटर पेपर वर चिकटवून लावा, मग झाकण. फ्रीजमध्ये चार दिवस राहतं. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, उन्हाळ्यात तर एकच. खाण्याआधी एक-दोन मोठे चमचे गरम पाणी घालून जोरात ढवळलं की परत मऊ होतं. फ्रीझरमध्ये दोन महिने चालतं. बाहेर काढल्यावर पाणी सुटलेलं आणि रवाळ दिसेल, पण मिक्सरमधून एकदा काढलं की ठीक होतं. साठवायचं असेल तर लसूण निम्मा घाला, दिवसागणिक त्याचा वास वाढतो.

प्रश्न : बिघडलेलं हम्मस कसं सावरावं? (अनेक पत्रं)

पातळ झालं तर आधी तासभर फ्रीजमध्ये ठेवा, निम्म्या वेळा प्रश्न तिथेच सुटतो. तरीही पातळ असेल तर दोन मोठे चमचे ताहिनी, किंवा पंढरपुरी डाळं बारीक दळून एक मोठा चमचा. कच्चं बेसन मुळीच नाही.

आंबट झालं तर साखर घालू नका, चणे किंवा ताहिनी वाढवा. आपलं कागदी लिंबू पिवळ्या इटालियन लिंबापेक्षा आंबट असतं, एकाचा रस १५ ते २० मिली निघतो. परदेशी कृतीतलं ‘दोन लिंबं’ हे माप म्हणून कधीच जसंच्या तसं घेऊ नये. रस गाळून घ्या, एक बी जरी मिक्सरमध्ये गेली तरी कडवटपणा उतरतो, आणि त्यावर उपाय नाही.

लसूण जास्त झाला तर चण्यांची दुसरी छोटी बॅच करून मिसळणं हाच उपाय. रवाळ राहिलं तर हम्मस पातेल्यात काढा, अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर पाच मिनिटं ढवळा, कोमट करून पुन्हा वाटा. ताहिनी त्यात असली तरी चालतं, जरा पांढरेपणा कमी होतो एवढंच. चव सपक वाटली तर मीठ वाढवायच्या आधी लिंबू वाढवून बघा.

प्रश्न : वरून तेल नाही तर ताटली ओकीबोकी दिसते. काय घालावं, आणि कशाबरोबर खावं? (पणजी)

थोडी फेटलेली ताहिनी बाजूला ठेवलेली असेल तर मधल्या खळग्यात ती ओता, तेलाची उणीव दिसत नाही. मूठभर अख्खे शिजवलेले चणे, बारीक चिरलेली पार्सली किंवा कोथिंबीर, लाल तिखटाची चिमूट, मिळालं तर सुमाक (आंबट चवीची लालसर पूड). भाजलेली जिरेपूड अनेक पॅलेस्टिनी घरांत घालतात, आपल्या जिभेलाही ती ओळखीची. डाळिंबाचे दाणे शोभेचे आहेत, हरकत नाही.

पिटा शोधत फिरू नका. तुमच्या गावची पोई त्याच घडणीची आहे : कोंड्याची, आतून पोकळ, फाडून बुडवायला सोयीची. सकाळची ताजी आणा आणि तव्यावर नुसती शेकून घ्या.